पहिली ५ किलोमीटरची रेस: दोन जिने चढून दम लागणाऱ्यांसाठी बारा आठवडे

तिसऱ्या मजल्यावर चढून गेलं की दारात आधी श्वास घ्यावा लागतो आणि मग बेल वाजवता येते, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझी तीच होती. वय ४२, वजन ७८ किलो, दिवसभर खुर्चीत बसून काम, आणि शाळेतसुद्धा धावण्याच्या शर्यतीत कधी नाव दिलेलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये सुरू केलं आणि डिसेंबरमध्ये पुण्यात ५ किलोमीटर पूर्ण केले, मग पुढच्या वर्षांत सोसायटीतल्या आणि ऑफिसमधल्या अकरा जणींकडून तीच तयारी करून घेतली. अडतं ते सगळ्यांचं जवळपास त्याच ठिकाणी, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. हळू धावायचं. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा खूप हळू. ज्या बायका आणि पुरुष पहिल्या तीन आठवड्यांत सोडून देतात ना, ते आळशी म्हणून नाही सोडत, ते रोज स्वतःच्या ताकदीपेक्षा जोरात धावतात, रोज छाती फुटेस्तोवर दम लागतो आणि मग त्यांना वाटतं आपलं शरीरच यासाठी नाही. तसं नसतं हो. वेग चुकलेला असतो फक्त.

आधी रेस, मग बाकीचं

तारीख ठरवा आणि पैसे भरून टाका. भरलेले पैसे आणि ठरलेला रविवार, या दोन गोष्टी पहाटे साडेपाचला अंथरुणातून उठवतात, नुसती इच्छा नाही उठवत. पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन १९८३ पासून भरते, साधारण डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. मुंबईची मोठी मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, तिथे ड्रीम रन नावाचा प्रकार आहे, सहा किलोमीटरच्या आसपास, त्यात वेळ मोजत नाहीत आणि बरेच जण अर्ध्याहून जास्त चालतच जातात, त्यामुळे घाबरणाऱ्यांना तेही चांगलं. बाकी थंडीत जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावात काही ना काही असतंच. आपल्याकडे कुठल्याही धावण्याला मॅरेथॉन म्हणायची पद्धत आहे, म्हणून फॉर्म भरताना अंतर बघा. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, हाफ २१.०९७, आणि आपल्याला हवीत फक्त ५. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन फार सुंदर असते, यवतेश्वरचा घाट, पावसाळी हिरवळ, सगळं खरं, पण ती २१ किलोमीटर आणि जाताना चढ, मैत्रिणींचे फोटो बघून पहिलीच रेस म्हणून ती घेऊ नका.

रेसच्या दिवसापासून बारा आठवडे मागे मोजा. डिसेंबरची रेस असेल तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा येतो, म्हणजे गणपतीच्या आगेमागे. हे बरंच आहे, पाऊस ओसरत आलेला असतो आणि रेसपर्यंत हवा गार होते.

डॉक्टरांकडे एक चक्कर

चाळिशी ओलांडलेली असेल, बीपी किंवा शुगर असेल, घरात कुणाला लवकर हार्टचा त्रास झालेला असेल, किंवा जिना चढताना छातीत दाब येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना स्पष्ट सांगा की मी धावायला सुरुवात करणार आहे. ते ईसीजी वगैरे काय हवं ते ठरवतील. आणि बायकांनी हिमोग्लोबिन नक्की तपासून घ्या, अगदी कळकळीने सांगतेय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं होतं. आमच्यातली एक जण पाच आठवडे घासत होती, दोन मिनिटांच्या पुढे जातच नव्हती, रोज रडवेली व्हायची, शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. गोळ्या सुरू झाल्या आणि अडीच महिन्यांनी तीच बाई आमच्या पुढे. तिच्या मनात काहीच कमी नव्हतं, रक्तात कमी होतं.

शूज आणि कपडे

खर्च करायचा तर इथे करा, दुसरीकडे कुठेही नको. रनिंगचे शूज घ्या, चालायचे, जिमचे किंवा मुलाचे जुने क्रिकेटचे नको. तीन-चार हजारांत चांगले मिळतात, त्याहून महाग पहिल्या रेससाठी लागत नाहीत. दुकानात संध्याकाळी जा कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि धावतानाही सुजतात, सकाळी बरोब्बर बसलेला शू धावताना चावतो. मोजे घालून बघा, उभं राहा, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसली की दोन महिन्यांत पायाचं नख काळं पडतं. दुकानात दहा पावलं धावून बघायला लाजू नका, पैसे आपले आहेत.

लता करे यांचं नाव ऐकलं असेल, साठी ओलांडलेल्या त्या माउलीने नवऱ्याच्या उपचारासाठी २०१३ मध्ये बारामतीत नऊवारीत आणि अनवाणी धावून शर्यत जिंकली. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण त्यांचे पाय आयुष्यभर शेतमजुरीत मातीत वावरलेले, आपले फरशीवर आणि चपलेत, म्हणून अनवाणी धावायचा प्रयोग करू नका.

कपड्यांत बायकांसाठी एकच गोष्ट अटळ, चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा. तिच्यावर पैसे वाचवले तर खांदे आणि पाठ दुखते आणि मग धावायलाच नको वाटतं. बाकी जुना ड्रायफिट टीशर्ट आणि ट्रॅक पँट चालते. सुती कपडा घामाने ओला झाला की जड होतो आणि काखेत, मांड्यांना घासतो. जिथे घासतं तिथे आधीच व्हॅसलीन लावून ठेवा, नाहीतर नंतर आंघोळीचं पाणी पडलं की कळतं काय झालंय ते.

धावायचं कुठे

मातीचं मैदान मिळालं तर सोन्याहून पिवळं. पुण्यात तळजाईला मातीच्या वाटा आहेत, विद्यापीठात सकाळी झाडीतला रस्ता आहे, जवळपास शाळेचं मैदान असतं. वेताळ टेकडी पहिल्या महिन्यात नको, चढ फार आहे, नंतर चालायला जा. मुंबईत शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्ह. मरीन ड्राइव्ह ३.६ किलोमीटरच्या आसपास आहे आणि सपाट, म्हणून अंदाज घ्यायला सोपं, पण खाली सिमेंट आहे, रोज तिथेच पाय आपटू नका. डांबर सिमेंटपेक्षा बरं, माती डांबरापेक्षा बरी. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ असेल तर सरळ चाला, पावसाळ्यानंतर ऑक्टोबरपर्यंत ते सुकत नाही आणि आमच्यातली दोन मनगटं त्यानेच मोडली आहेत.

रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो हे गाडीत बसून लक्षात येत नाही, धावताना मात्र एक पाय कायम खाली पडतो आणि महिन्याभरात त्याच बाजूचा गुडघा किंवा कंबर बोलायला लागते. म्हणून जाताना एका कडेने गेलात तर येताना त्याच कडेने या. अंधार असेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, उजळ रंगाचा टीशर्ट घालून, कानात काही न घालता. बायकांनी पहाटे एकटीने निर्जन रस्ता टाळा. मी तर सहाच्या आधी सोबत असेल तरच निघते.

कुत्री मागे लागली तर थांबा. पळायचं नाही. त्यांच्या डोळ्यात न बघता हळूहळू चालत बाजूला व्हा, नव्वद टक्के वेळा तेवढ्यावर भागतं. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची, छोटा ओरखडा आहे म्हणून उद्यावर ढकलायचं नाही.

पहिला दिवस

माझा पहिला दिवस सांगते. घराजवळच्या शाळेचं मैदान, सकाळचे सहा, रात्री पाऊस पडून गेलेला आणि गोलपोस्टपाशी डबकं. मी मोबाइलवर टायमर लावला आणि सुटले. पाऊण फेरीत घशाला कोरड, कानात धडधड, बरगडीखाली डावीकडे टोचायला लागलं. कमरेवर हात ठेवून उभी राहिले तर मागून एक काका चालत आले, पांढरे बूट, डोक्यावर कानटोपी. जाताना म्हणाले, "ताई, तुमच्या पायांचा आवाज मला तिकडच्या कंपाउंडपर्यंत येत होता. पावलं छोटी टाका. आवाज बंद झाला की समजायचं बरोबर चाललंय." नंतर कळलं ते निवृत्त पीटीचे सर होते.

दुसऱ्या दिवशी, खरं तर एक दिवस सोडून तिसऱ्या दिवशी, तसं केलं. पावलं एवढी छोटी की टाच दुसऱ्या पायाच्या बोटांच्या जेमतेम पुढे पडतेय, वेग जवळपास भराभर चालण्याइतकाच, आणि आवाज खरंच कमी झाला. एक अख्खं मिनिट धावले आणि तोंड बंद ठेवून धावले. तेव्हापासून सगळ्यांना मी हेच आधी शिकवते, स्वतःच्या पायांचा आवाज ऐका. लांब ढांग टाकली की पाय शरीराच्या फार पुढे पडतो, टाच आपटते आणि तो धक्का नडगीला, गुडघ्याला जातो. छोटं पाऊल शरीराच्या खाली पडतं.

वेग बरोबर आहे का हे ओळखायला माझी एक पद्धत आहे, तेराचा पाढा. धावता धावता मोठ्याने म्हणायचा. तेरा एके तेरा पासून तेरा पाचे पासष्ट पर्यंत सलग म्हणता आला तर वेग ठीक आहे. तेरा दुणे सव्वीसलाच श्वास तुटला तर आणखी हळू. आणि अख्खा पाढा गाण्यासारखा आरामात म्हणता येत असेल तर थोडंसं वाढवायला हरकत नाही. घड्याळ, हार्ट रेटचा पट्टा वगैरे काही लागत नाही. लोक बघतात सुरुवातीला, बघू देत, आठवड्याभरात त्यांनाही सवय होते.

बरगडीखाली टोचलं तर चालायला लागा, तिथे हाताने हलकं दाबा आणि श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, तोंडाने सावकाश पूर्ण सोडायचा. दोन-तीन मिनिटांत जातं. खाऊन लगेच निघाल्यावर हे जास्त होतं.

बारा आठवडे कसे घालवायचे

आठवड्यातून तीनच दिवस. मंगळवार, गुरुवार, रविवार असं काहीतरी, दोन धावण्यांमध्ये एक तरी दिवस मोकळा. काउच टू फाइव्ह के नावाचा जगभर गाजलेला कार्यक्रम आहे, जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ मध्ये आपल्या आईला डोळ्यासमोर ठेवून बनवलेला, तो ९ आठवड्यांचा आहे. त्यात पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावणं आणि दीड मिनिट चालणं असतं. तत्त्व तेच, पण आमच्या अनुभवाने चाळिशीतल्या, वजन जास्त असलेल्या माणसाला ९ आठवडे घाईचे होतात, शिवाय आपल्याकडे मध्ये गणपती, नवरात्र, दिवाळी, पाहुणे, आजारपणं यात दोन आठवडे जातातच, म्हणून मी बारा धरते.

दर वेळी आधी पाच मिनिटं भराभर चालायचं आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश. मधलं असं. पहिला आणि दुसरा आठवडा एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, आठ वेळा. तिसऱ्यात दीड मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, सात वेळा. चौथ्यात दोनाला दोन, सहा वेळा. पाचव्यात तीन मिनिटं धावणं आणि दोन चालणं, पाच वेळा. सहाव्या आठवड्यात मुद्दाम मागे यायचं, चौथ्या आठवड्याचंच परत करायचं. हा आठवडा कुणालाच आवडत नाही आणि हाच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, का ते पुढे सांगते. सातव्यात पाच मिनिटं धावणं, दोन चालणं, चार वेळा. आठव्यात आठ मिनिटं आणि दोन, तीन वेळा. नवव्यात दहा मिनिटं आणि दोन, तेही तीन वेळा. दहाव्यात पंधरा धावणं, दोन चालणं, परत पंधरा. अकराव्यात आठवड्यातून एकदाच, रविवारी, पूर्ण ५ किलोमीटर, हवं तिथे चालत, वेळ न बघता, बाकी दोन दिवस वीस-वीस मिनिटं. बाराव्यात दोनदा फक्त पंधरा-वीस मिनिटं हलकं आणि मग रेस.

एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा. एक आठवडा बुडला तर मागच्या आठवड्यापासून, दोन बुडले तर दोन पायऱ्या खाली येऊन सुरू करा. बुडालेलं भरून काढायला सलग दिवस धावायचं नाही. हे मी वेगळ्या ओळीत लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

रेसपर्यंत सलग धावता आलं नाही तरी चालतं. ठरवून चार मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं असं केलं तरी ५ किलोमीटर ४५ मिनिटांच्या आत-बाहेर होतात, आणि फिनिश लाइनवर मेडल तेच मिळतं.

मोकळ्या दिवशी दहा मिनिटं घरी. जिन्याच्या पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली, १५ वेळा, दोनदा. उठाबशा दहा, खुर्चीत बसल्यासारख्या, गुडघे आत वळू न देता. भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं, वीस सेकंदांपासून. पोळ्या झाल्यावर तवा गार होईपर्यंत मी ओट्याला धरून टाचा वर-खाली करते, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

नडगी

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली, पाचव्या आठवड्यात. एक दिवस अचानक दम लागेनासा झाला. तीन मिनिटं धावून झाली तरी श्वास साधा, पाढा तेरा सत्ते एक्क्याण्णव पर्यंत सहज गेला, आणि मला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात मी सलग चार दिवस धावले. चौथ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा जिना उतरताना उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला असं काही दुखलं की कठडा धरून उभी राहिले. पुढचे तीन आठवडे धावणं बंद. रेस हातची जाते की काय असं वाटलं होतं, रात्री पायाला बर्फ लावून बसायचे आणि कॅलेंडर बघायचे.

कारण असं आहे की हृदय आणि रक्त तीन-चार-पाच आठवड्यांत सुधारतात, त्यामुळे श्वास लवकर साथ देतो. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे यांना मात्र महिने लागतात. हाडावर नवा ताण आला की ते आधी आतून थोडं पोखरलं जातं आणि मग जास्त मजबूत भरलं जातं, त्या भरण्याला मधला वेळ द्यावा लागतो. म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यात छाती म्हणते जा आणि पाय अजून तयार नसतात. सहावा आठवडा मी मागे आणलाय तो यासाठी. बरं वाटायला लागलं की लगेच वाढवू नका, अगदी हात जोडून सांगते.

दुखलं तर अंगठ्याने नडगीची आतली कड वरून खाली दाबत या. हाताच्या रुंदीएवढ्या किंवा जास्त भागात पसरून दुखत असेल तर बहुतेक ती सूज आहे, थांबलं, बर्फ लावला, चालण्यापुरतं ठेवलं की दोन-तीन आठवड्यांत उतरते. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी टोकदार दुखत असेल, रात्री झोपेतही ठसठसत असेल, एका पायावर उभं राहिलं की कळ येत असेल, तर धावणं तिथेच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, हाडाला बारीक चीर असू शकते. आणि पेनकिलर खाऊन धावायचं नाही, रेसच्या दिवशीसुद्धा नाही.

पोटऱ्या, मांड्या दुसऱ्या दिवशी जड होतात ते वेगळं, दोन्ही पायांना सारखं असतं आणि दोन दिवसांत जातं. एकाच बाजूला, एकाच जागी, दर धावण्याला वाढत जाणारं दुखणं तेवढं ओळखायला शिका.

खाणं आणि सणवार

५ किलोमीटरसाठी काही वेगळं खावं लागत नाही. सकाळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी अर्धं केळं किंवा दोन खजूर, घोटभर चहा चालतो. आल्यावर पोहे किंवा उपमा, सोबत अंडी नाहीतर मटकीची उसळ, म्हणजे प्रोटीन जाईल. रात्रीचं जेवण थोडं लवकर, कारण दहाला जेवून पाचला उठलं की पोट जड राहतं. पाणी दिवसभर प्या, धावताना अर्ध्या तासाला बाटली लागत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र सातच्या आत उरका आणि घरी आल्यावर लिंबू, मीठ, साखर घालून एक ग्लास सरबत घ्या.

नवरात्राचे नऊ दिवस उपास असतील तर त्या आठवड्यात वाढवू नका, फक्त चाला किंवा मागच्या आठवड्याचंच करा. साबुदाण्यावर पाय चालतात पण घेरी येते, आमच्यातली एक जण सहाव्या माळेला मैदानावर खाली बसली होती. दिवाळीत नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट सोडून द्या, हवेत फटाक्यांचा धूर खाली बसलेला असतो आणि धावताना आपण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतो. फराळ खा की, वर्षातून एकदा येतो. चकल्यांचं प्रायश्चित्त म्हणून जास्त धावणं मात्र बंद. पाळीच्या दिवसांत धावावंसं वाटलं तर धावा, नाही वाटलं तर चाला, दोन्हीने तयारीचं काही बिघडत नाही.

रेसचा दिवस

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आदल्या एक-दोन दिवसांत ओळखपत्र दाखवून आणावा लागतो. रेसच्या सकाळी बऱ्याच ठिकाणी देत नाहीत, म्हणून कामाच्या दिवशी कसं जायचं ते आधीच बघा. बिबच्या मागे पट्टीसारखी चिप असते, तिला दुमडायचं नाही, सेफ्टी पिन टोचायची नाही. रात्रीच बिब टीशर्टच्या पुढच्या बाजूला चार कोपऱ्यांत चार पिनांनी लावून ठेवा. मागच्या कोऱ्या बाजूवर नाव, घरचा फोन नंबर आणि रक्तगट लिहा. रेसमध्ये मिळालेला नवा टीशर्ट घालायचा मोह होतो, घालू नका, कुठे घासेल माहीत नसतं. मोजेसुद्धा वापरलेलेच. रात्री झोप लागली नाही तरी काळजी नको, आदल्या दोन-तीन रात्रींची झोप कामाला येते.

स्टार्टच्या दोन-अडीच तास आधी उठा, नेहमीचंच खा, पाऊण तास आधी पोचा. टॉयलेटची रांग लांब असते, आल्या आल्या तिथेच लागा. शूजच्या नाडीची गाठ दुहेरी. मग रांगेत अगदी मागे उभे राहा. चिप असल्यामुळे तुमची वेळ साधारण तुम्ही स्टार्ट लाइन ओलांडल्यापासून मोजतात, पुढे घुसून काही मिळत नाही, मागून जोरात येणाऱ्यांचे धक्के तेवढे मिळतात.

ढोल-ताशा वाजत असतो, निवेदक ओरडत असतो, सगळे सुटतात, आणि तुम्हीही पहिली पाचशे मीटर जन्मात धावला नाहीत इतक्या जोरात जाता. हे प्रत्येकाचं होतं, म्हणून आधीच ठरवून ठेवा की पहिला किलोमीटर तेराच्या पाढ्यावर. सगळे पुढे जातील, जाऊ द्या. माझ्या पहिल्या रेसमध्ये पहिल्या किलोमीटरला माझ्यामागे बहुतेक फक्त ॲम्ब्युलन्स होती. तिसऱ्या किलोमीटरला एका पुलाच्या चढावर पुढे गेलेले एकेक करून चालताना दिसायला लागले, आणि मी त्याच छोट्या पावलांनी त्यांच्या बाजूने गेले. चढावर वेग नाही, श्वास सारखा ठेवायचा, पावलं आणखी छोटी.

पाण्याचं टेबल आलं की पहिल्या टेबलावर झुंबड असते, शेवटच्या टेबलावरून घ्या. कागदी ग्लासचं तोंड चिमटीत दाबून चोच करा आणि चालत प्या, धावताना प्यायलं की नाकात जातं. चालायचं असेल तेव्हा डाव्या कडेला या, हात वर करून मागच्यांना कळू द्या. ग्लास डब्यातच टाका, ओल्या ग्लासवरून मागचा घसरतो.

छातीत दाब, एका हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर काटा येऊन थंडी वाजणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबून व्हॉलंटिअरला सांगा. रेस पुढच्या महिन्यात दुसरी असते.

फिनिश लाइन ओलांडली की लगेच थांबू नका, बसू तर अजिबात नका, रक्त पायांत साचून गरगरतं. दहा मिनिटं सावकाश चाला, पाणी प्या, मग मेडल, मग फोटो. ओला टीशर्ट बदलायला कोरडा सोबत ठेवा, डिसेंबरच्या सकाळी घाम थंड झाला की हुडहुडी भरते. तासाभरात नीट नाश्ता करा.

पुढचे तीन-चार दिवस फक्त चालणं. मग परत सुरू करताना नवव्या आठवड्यापासून करा, दहा मिनिटं धावणं, दोन चालणं, तीन वेळा. आणि त्या दिवशी शूज भिजले असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा, उन्हात ठेवले की तळ सुटतो.